एक वीत

अर्ज क्रमांक तीनशे सात.
एप्रिलची सतरा तारीख, ऊन डोळ्यांत जाणारं.
सिव्हिल लाइन्सच्या आमच्या कचेरीत
कूलरच्या ताट्या नुकत्याच बदललेल्या,
ओल्या खसाच्या वासात बसून मी
आवक रजिस्टरात तांबड्या रेघा आखत होतो.

कलिंदा हातागडे.
राहणार रामेश्वरीच्या पुढली टोळी, नाल्याकाठी.
धंदा विचारला तर म्हणाली,
"केसं घेतो अन् भांडे देतो."
रकाना सहावा : भेदभावाचे स्वरूप.
म्हणाली, "एक वीत."

बाई, नीट सांगा.
"नीटच सांगून राह्यली ना साहेब.
अंगणवाडीत बाकीच्या लेकरायच्या थाळीले
पळी टेकते.
आमच्या सोनमच्या थाळीवर येते
अन् एक वीत वरच थांबते.
मंग खिचडी पडते.
वाढत नाई कोनी. पडते."
आणि तिने माझ्या टेबलावर अंगठा रोवला,
करंगळी ताणली,
स्टॅम्पपॅडपासून टाचण्यांच्या डबीपर्यंत.

सोनमच्या मनगटावर डाग होता,
मसुराएवढा, गुलाबी,
उडालेल्या शिताचा.
पुरावा म्हणून तो जोडता येत नव्हता.

मी लिहिलं, 'आहार वाटपात अंतर ठेवणे.'
खोडलं.
'थाळीस स्पर्श टाळून.'
तेही खोडलं.
या अंतराचा जुना शब्द दोघांनाही ठाऊक होता,
पण तो कायद्याने कधीच मोडीत काढलाय,
म्हणून फॉर्मवर छापलेला नसतो.
शेवटी लिहिलं ते तिचंच : एक वीत.
साहेब हिरव्या शाईने त्याला गोल करतील
आणि विचारतील, हे काय?

शिक्का मारला. पोच फाडली. दिली.

कूलरच्या वाऱ्याने ती तिच्या तळहातावर
पोचलीच नाही, भिरभिरत बाकाखाली गेली.
सोनम वाकायला निघाली.
"तू नको उचलू," कलिंदा म्हणाली.
मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता,
"साहेब, हेबी लिवा."

मला आधी कळलंच नाही.
मग माझी बोटं दिसली मला,
अजून हवेत, उघडी,
तिच्या हातापासून मोजून तेवढ्याच उंचीवर.

पडोळ्यांच्या घरात असलं काही मानत नाहीत
हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.
ते नेहमीच तयार असतं.

मी खाली बसलो, गुडघे मोडून,
बाकाखाली हात घातला.
धूळ, एक टाचणी, कुणाची तरी जुनी पोच.
तिची तिच्या हातात ठेवली.
भांड्यांनी घट्टे पडलेलं बोट लागलं माझ्या बोटाला.
एवढ्याने काही होत नाही, मला माहीत आहे.
कारण ती म्हणाली ते मी लिहिलं नाही.
तीनशे आठवर एका भलत्याच माणसाची
निराधार योजनेची रक्कम अडकली आहे.

जूनमध्ये चौकशी झाली.
तीन दिवस आधी कळवून.
त्या दिवशी पळी सगळ्या थाळ्यांना टेकली,
सोनमच्या थाळीत तर दोनदा.
अहवाल आला : तक्रारीत तथ्य आढळून येत नाही.
प्रकरण नस्तीबंद.
नस्ती मीच बांधली, नाडीला दोन गाठी मारून.

जुलैत कलिंदा पुन्हा आली.
चपला चिखलाच्या, डोक्यावर भांड्यांची टोपली,
ती दारातच उतरवून.
"साहेब, एक दिवस टेकली पळी.
तो दिवसबी लिवा. तारखेसंगं लिवा.
म्हंजे टेकवता येते तिले,
हे तरी कागदावर राहीन."

अर्ज क्रमांक पाचशे बारा.
रकाना सहावा मी न विचारता भरला.
शिक्का मारला, पोच फाडली,
कूलर बंद केला.

तिने हात पुढे केला नाही लगेच.
आधी माझ्या हाताकडे पाहत राहिली,
तो कुठवर खाली येतो ते.