ओव्हराईल

हवा भरायला माझी ना नसते.
दहा झटके मारायचे, टायर अंगठ्यानं दाबायचा, झालं.
घंटी पुसायला तर आवडतंच,
तोंड दिसतं तीत, नाक जरा मोठं येतं.

पण मडगार्डच्या आत बोटं घालून
उसाच्या ट्रॉल्यांमागनं गोळा झालेला चिखल खरवडणं,
तो नखात बसतो
आणि गुरुवारपर्यंत भाकरीला वास देतो.
मागचं चाक काढायचं तर चेनकव्हरचे चार स्क्रू,
त्यातला एक कायम गटारीत.

साखळीचं नावच नको.
दस्तगीर मिस्त्री पंक्चर काढेल, रिमचा औट काढेल,
गंजलेली कॉटर पिन ठोकून ठोकून बाहेर आणेल,
पण साखळी पुढं केली की मान फिरवतो :
"घरात धुऊन आण जा.
ज्याची घाण त्यानं काढावी."
म्हणून फुटक्या परातीत डिझेल
आणि जुना टूथब्रश.
"तो माझा होता," शालन म्हणाली.
"जुना होता."
"आज सकाळी मी दात घासले त्यानं."

सव्वीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा आहे.
दिवसभर मायक्रॉनात बोलतो,
केसभर जास्त गेलं की जॉब भंगारात.
आणि माझीच सायकल दर पायडलला
कट्ट म्हणते.
व्हीनस कॉर्नरला वळलो
की चहावाला न बघताच आधण ठेवतो.

आवाज बीबीत आहे, हे मला महापुरापासून माहीत होतं.
चार दिवस पाण्याखाली होती ती,
विजेच्या खांबाला कुलूप लावून.
पाणी चोरून नेईल, असं वाटलं असणार मला.
खोलायचं म्हणून ठरवलं,
दिवाळी झाल्यावर,
जोतिबाची यात्रा झाल्यावर,
पोरीचा निकाल लागल्यावर.
निकाल लागला. पोरगी पास झाली.
आता बोलायला जागा राहिली नाही.

रविवारी कटोरी फिरवली तर
ग्रीस नव्हतंच आत.
करडा, मऊ, अजून ओलसर गाळ
छर्र्यांना धरून बसलेला.
बावीसातले एकवीस मिळाले.
मी पान्हा खाली ठेवला.

त्या साली संताजी कुंभाराचे दीडशे गणपती
आमच्याच गल्लीत रंगाची वाट बघत होते.
रात्री पाणी शिरलं. ओसरल्यावर बघितलं तर
दीडशे पाट,
वर काही नाही.
शाडू गेला कुठं, कुणी विचारलं नव्हतं.

चिमूटभर गाळ कॅलेंडरच्या कागदात घेऊन
हात न धुता त्याच्याकडं गेलो.
तो डोळे रेखत होता.
ब्रश कानावर खोचला, अंगठ्यावर गाळ चोळला,
नाकाशी नेला.
मी उगाच श्वास धरून उभा.

"शाडू न्हाई ह्यो.
गाळ हाय नुसता. टाक तिकडं."
आणि परत डोळ्याकडं वळला.

टाकला.
घरी येऊन कटोरी पुसली, पिवळं ग्रीस भरलं,
बाविसावा छर्रा दस्तगीरनं फुकट दिला.
पायडल हातानं फिरवलं तर
गुळाच्या पाकात पळी फिरावी तसं.
शालनलाही दाखवलं.
"बरं," म्हणाली. नवा ब्रश आण, म्हणाली.

सोमवारी सकाळी टांग टाकली.
गल्लीच्या तोंडाशी,
कट्ट.

दस्तगीर दुकानाचं शटर वर ढकलत होता.
वळून न बघता म्हणाला,
"सीटातनं येतोय रं त्यो. स्प्रिंग."
"मग इतकी वर्षं बोलला नाहीस?"
"तू इचारलंस कुठं?"

सीटचा नट बघितला.
गंजून तांबडालाल, डोकं झिजून गोल.
त्याला हात घालायचा म्हणजे
अर्धा दिवस, एक छिन्नी आणि दोन शिव्या.

गणपती झाल्यावर बघू.