सहाच नग

पुण्याच्या कंपनीनं कळवलं : किमान पन्नास.
हिंगण्याच्या एमआयडीसीतला माणूस फोनवर हसला,
सहा डब्यांसाठी लेझर तापवत नसतात, मॅडम.
पण मला सहाच हवे होते.
राळेगावच्या जिनिंगमध्ये कापसाच्या सहा गंज्या,
प्रत्येकीच्या पोटात खुपसलेली एक सळई, आतली धग मोजणारी,
आणि सळईमागं माझा सर्किट बोर्ड,
तळहाताएवढा, हिरवा,
अंगावर काही न घातलेला.
तसाच ठेवला तर आठ दिवसांत त्याला पांढरे केस येतात.
रुई कुठंही शिरते. माझ्या घड्याळातही आहे.

मग वडकीला, हायवेला लागून, वाहिदभाईंचं दुकान.
धान्याच्या कोठ्या, कूलरची अंगं,
लग्नातल्या पेट्या, एकीवर मोर अर्धाच रंगवलेला.
मी कोठीच्या झाकणावर नकाशा पसरला :
दोनशे, दीडशे, नव्वद,
सोळा गेज, चार स्टड, खाली केबलची तीन भोकं.
त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला,
वाचलं, परत कपाळावर ठेवला.
"दोनशे आतून का भाईरून?"

चार वर्षं कॉलेज, सहा वर्षं नोकरी,
आणि मी गप्प.

त्यांनी भंगारातली एक पट्टी काढली.
शंभर मिलिमीटर, माझ्याच स्केलनं मोजायला लावली.
मधोमध रेघ, शिकंजा, लाकडी हातोडा,
काटकोन.
"आता मोज."
एक बाजू एक्कावन्न आणि वर थोडी.
दुसरीही तेवढीच.
"हे दोन-अडीच कुठून आले?"
मास्तर विचारतात तसं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता
पोराला चहा सांगितला.
"कोपऱ्यात पत्रा ताणते, बाई.
कागदाची घडी घातली त कागद काही वाढत नाई.
म्हणून तुमाले समजत नाई."

दोन्ही बाजूंना मी हवेसाठी जाळ्या काढल्या होत्या, तिरप्या, सुबक,
त्यांवर माझी अख्खी संध्याकाळ गेली होती.
"रुईले आवतन देऊन राह्यली का?"
पेन्सिलीनं फुल्या.
तापणारा भाग पत्र्यालाच कसून बसव म्हणाले,
एवढा मोठा पत्रा आहे, तोच थंडा करते.

अकराव्या दिवशी डबे तयार.
तळाच्या कोपऱ्यात एक बारीक भोक, नकाशात नसलेलं.
"रातच्यानं आत घाम धरते. निंगू दे ना त्याले."
बिलात ते भोक नव्हतं.

रंगाला बुटीबोरी. तिथंही सहाचं कोण ऐकतो?
कुठल्याशा शाळेच्या कपाटांच्या मागून भट्टीत घातले,
म्हणून डबे पोपटी झाले,
आणि जिनिंगमधल्या बाया त्यांना मिठू म्हणतात.
चार नंबरचा मिठू जानेवारीत एकदा ओरडला,
गंजी उपसली, आतला कापूस तांबूस, कोमट,
पेटलेला नव्हता.
त्या रात्री मी घरी जाऊन खूप झोपले.

मार्चमध्ये झाकणं उघडून बघत गेले.
दोन नंबरला केबलचं एक भोक मी बुजवायचं विसरले होते.
ते बुजलेलं होतं.
चिखलानं, आतून गोल, काठाशी बोटाच्या ठशासारख्या वळ्या.
कुंभारीण.
तिनं आत घर बांधलं होतं, रेग्युलेटरच्या उबेला,
तीन खोल्या, ना आतून ना बाहेरून कुठलं माप लिहिलेलं.
बोर्डावर रुईचा एक तंतू नाही.
बाकी पाच डब्यांत, माझ्या रबरी पॅकिंगच्या कडेनं,
थोडी थोडी होती.

फोटो काढून वाहिदभाईंना पाठवला.
बराच वेळ काही नाही.
मग फोन आला, मागं पत्रा कापल्याचा आवाज,
"तिनं किती लावले?"