माप

पोरगा शनिवारी दुपारी आला दुकानात.
हिरव्या द्या, दोन डझन.
माप कुठलं विचारलं तर हसला,
कुठलंबी चालतंय काकी.
सव्वादोनच्या काढल्या,
पेपरात गुंडाळल्या, सुतळी मारली.
घासाघीस न करता पैसे टाकून गेला.
बांगडीला घासाघीस न करणारं गिऱ्हाईक
मी बावीस वर्षांत बघितलेलं नाही,
तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

रविवारी मोरबाग तालीम एक-शून्यनं हरली
आणि समोरच्या गॅलरीतनं
माझा माल मैदानात पडला.
भरा बांगड्या, भरा बांगड्या.
उन्हात चमकल्या एकदा,
मग आमच्या गोलीच्या गुडघ्याखाली काच.
चार टाके.

सोमवारी रात्री इंगवल्यांच्या गच्चीवर
आम्ही अकराजणी, सगळ्या मोरबागच्या.
वृषालीचा आवाज कापत होता रागानं.
तबस्सुम म्हणाली, माफी नाही, बंदीच पाहिजे.
शाल्मलीनं निवेदन वाचलं:
बांगडी म्हणजे दुबळेपणा, हे कुणी ठरवलं?
खरं होतं. शब्दन् शब्द खरा.
मी मान हलवत होतो,
पण आरतीत एखादीची टाळी
सगळ्यांच्या मागनं पडते ना,
तशी.

माझ्या डोक्यात अठ्ठ्याहत्तरावं मिनिट.
सरनोबतांच्या पोराची पेनल्टी,
डावा पाय, बारवरनं थेट झाडात.
रविवारपासनं जेवण गोड लागेना मला
आणि इथं त्या पेनल्टीचं नाव कुणी काढेना.
एकदा काढलं मी हळूच.
काकी, प्लीज, म्हणाली शाल्मली,
आत्ता तो मुद्दा नाही.

वृषालीची आई चहा घेऊन आली.
कप देताना तिची नजर माझ्या मनगटावर,
मग पटकन कपावर.
तिनंच फोडल्या होत्या माझ्या, त्या सकाळी,
उंबऱ्यावर, टॉवेल धरून,
काच लागू नये म्हणून किती जपत.
रडत होती माझ्यापेक्षा जास्त.
त्या दिवशी गॅलरी नव्हती, कोण ओरडलं नव्हतं,
निवेदन कुणाला द्यायचं होतं?
आता मी दिवसभर दुसऱ्यांचे हात दाबून, वळवून
बांगड्या चढवतो
आणि संध्याकाळी गल्ला मोजतो.
हे गच्चीवर बोलायचं नव्हतं.
शनिवारच्या दोन डझनांचंही नाही.

पहिली सही काकींची, कुणीतरी म्हणालं,
बांगड्या भरणाऱ्या हाताची.
टाळ्या.
बरं, सही करतो, मी म्हणालो.
करते म्हणा ना, शाल्मली हसून म्हणाली.
पुण्याला चार वर्षं शिकून आलेली पोर.
आमच्या आज्या करतो म्हणत गेल्या
आणि पोरं त्यांनीच जन्माला घातली,
पण तिच्याशी काय हुज्जत घालायची.
करते, म्हणालो
आणि केली. मालन दत्तात्रय कासार.
न कारला गाठ पडली जरा.

पुढच्या रविवारी स्टेडियमवर
त्यांच्या हातात पुठ्ठे, निळ्या स्केचपेननं लिहिलेले.
मला पण दिला एक.
पहिल्या हाफमध्ये धरला नीट,
दुसऱ्या हाफमध्ये त्यावर बसलो.
शून्य-शून्य. पाच मिनिटं उरलेली.
सरनोबतांचा पोरगा एकटा, समोर फक्त गोली,
आणि तो थांबला.
थांबला!
मी उठलो, फुफ्फुसं फाटेस्तवर ओरडलो:
मार की रं, हातात बांगड्या भरल्यास काय!

अकरा डोकी वळली. नाही, दहा.
शाल्मलीचा पुठ्ठा खाली आलेला,
तोंड उघडं.
मला जीभ चावायला हवी होती.
माझ्याकडं काय बघतीस, म्हणालो,
बॉल बघ.