हजेरी क्रमांक सतरा

शनिवारी सकाळची शाळा, दहालाच पत्रे तापतात.
बारा टॅब, एकतीस मुलं.
ज्याचा चार्जर वाकडा धरून बसावं लागतं तो माझा.

गणिताचा खेळ तारे मोजतो,
मराठीचा नाणी,
इंग्रजीचा नुसती मिनिटं.
परिसर अभ्यासात एक बेडूक आहे,
त्याला रोज तीन जीव मिळतात.
आणि कार्यालयाला हवा असतो एकच आकडा,
शंभरपैकी, पाच तारखेच्या आत.
तारे, नाणी, मिनिटं आणि बेडकाचे जीव
यांची बेरीज कशी करायची
ते प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.
चहा मात्र दोनदा झाला.

मग मी घरून आलेखाची वही आणली.
उभी मुलं, आडवे खेळ.
जमलं तर हिरवा, अडलं तर पिवळा, रुतलं तर लाल.
चौकोन भरता भरता हात ओळखीचा वाटू लागला.
अण्णा असेच बसायचे साखर पेठेतल्या खोलीत,
चादरीवरचा मोर चौकोनांत उतरवत,
मग त्या चौकोनांबरहुकूम पुठ्ठ्याला भोकं पाडत.
भोक तिथे दोरा वर, भोक नाही तिथे खाली.
मोराला यातलं काही ठाऊक नसतं, म्हणायचे,
आणि मागावर तो उलटाच विणला जातो.
सुलटा बघायचा तर खाली वाकावं लागतं.

सतरा नंबर, नागमणी चिलका.
गणितात बारावी पातळी, वर्गात पहिली.
मराठीत दुसरी पातळी, सात आठवडे तीच.
बेडूक: रोज तीन जीव, रोज तिन्ही खलास.
हिरवा, लाल, लाल.
कुठल्याच मोरात न बसणारी ओळ.

चप्पल काढून तिच्या शेजारी फरशीवर बसलो.
गणितात ठिपके आले, सहाशेच्या वर.
तिने बोट लावलं नाही.
पंचवीसची एक जुडी, चाळीस जुड्यांचे हजार,
आई विड्या वळते, दोरा ही बांधते.
खेळ अजून दहा दहाचे गठ्ठे करत होता
तोवर तिचं उत्तर देऊन झालं होतं.

मराठीत चित्र आलं कात्रीचं.
"कत्तेर," ती पुटपुटली,
पान कापायची, रोज हातात असणारी.
खाली तीन शब्द: रात्री, खात्री, कात्री.
तिने अंदाजाने खात्री दाबली.
खेळाने एक नाणं कापलं.

आणि बेडूक?
"एक जीव माझा," ती म्हणाली,
"एक तौसीफचा, त्याचा टॅब चालू होत नाही ना सर.
एक सिद्धारामचा. तो लई लवकर मरतो."
म्हणजे जे लाल मी हिच्या नावावर भरत आलो
त्यात तिघांचं मरणं होतं.
आणि बावीस नंबरपुढे, तौसीफपुढे,
टॅबवर महिनाभर एकच वाक्य: माहिती उपलब्ध नाही.

पाच तारखेला एकसष्ट लिहून पाठवलं.
एकसष्टच का, कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं.
वहीत बेडकाचा चौकोन मात्र खोडरबराने पुसला,
इतका की कागद विरला
आणि पलीकडचं पान दिसायला लागलं.

"सर, इथं रंग राहिला."
"राहू दे."
तिने थोडा वेळ भोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि टॅब माझ्या मांडीवर ठेवला.
"उडी मारताना डोळे मिटायचे नाहीत हं."
तिसऱ्याच दगडावर माझा पहिला जीव गेला.
सिद्धाराम मोठ्याने हसला.
नागमणीने माझी लाल पेन्सिल उचलली,
वही स्वतःकडे ओढली
आणि काय लिहिलं ते हाताने झाकून धरलं.