मीठ अंदाजानं

भुसावळला डिसेंबरात थंडी पडते
हे बाहेरच्याला सांगून पटत नाही.
त्यांना आमचा मे महिनाच ठाऊक.
पण काल पहाटे यार्डातल्या इंजिनांच्या काचा
दुधाळ झाल्या होत्या,
आणि भिंतीपलीकडे नोएल फँथम खोकत होते
दर दहा मिनिटांनी,
टाइमटेबल पाळल्यासारखे.

चाळीस वर्षं गाड्या हाकल्या या माणसानं,
इकडे बडनेरा, तिकडे इटारसी.
आता दात सगळे काढलेत,
नवी कवळी अजून जळगावातच.
"मॉड एक सूप करायची," म्हणाले,
"बटाट्याचं. सॉसेज घालून.
इतकं घट्ट, की चमचा उभा राहायचा
सिग्नलसारखा."
कृती विचारली तर हसले.
"मी घरी असायचो कधी?"

सॉसेज कल्याणहून आलं,
त्यांच्या भाच्यानं गार्डाच्या हाती दिलेलं,
बर्फाच्या पिशवीत, वर वर्तमानपत्र गुंडाळून.
मी ते दोन बोटांनी धरलं
मेलेल्या सरड्यासारखं.
मग लाज वाटली,
नीट धरलं.

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.
सासूबाई ओट्याकडे बघून म्हणाल्या,
"अठी नको. मांगे कर.
ती जुनी कढई घे, अन् मंग घरात आनू नको."
एवढं बोलून तुरीच्या शेंगा सोलायला बसल्या,
पाठ माझ्याकडे,
कान माझ्याकडे.

मागच्या अंगणात पऱ्हाट्या पेटवल्या.
लोण्यावर कांदा टाकला.
सवयीचा हात त्याला लाल करू पाहत होता,
काळ्या मसाल्याच्या डब्याकडेही एकदा गेला,
दोन्हीदा आवरला.
बटाटे उकडले, अर्ध्या फोडी तशाच,
अर्धे रवीनं घुसळून लापशीसारखे केले.
म्हशीचं दूध. मिरपूड जाडसर.
तुपासाठी चार दिवस जमवलेली साय
एका दमात ओतली,
आणि वर चिमूटभर ज्वारीचं पीठ,
ते कुणी सांगितलं नव्हतं.

इथवर मी चाखत होते.
मीठ नेमकं. जिभेवर मऊ, ऊन,
बाळंतिणीला द्यावं असं काहीतरी.
इथवर ते माझं होतं.

मग तव्यावर चकत्या चुरचुरल्या,
लालसर ओशट पाणी सुटलं,
वास आला धुराचा, लसणाचा,
आणि त्यांच्या मागे उभा आणखी एक,
ज्याला माझ्याकडे नाव नाही.
कढईत सगळं ढकललं. ढवळलं.
आता पुन्हा मीठ हवं का?
सॉसेज खारट असतं म्हणे. किती खारट?
वाफेला विचारलं.
पळी ओठापर्यंत आली
आणि परत गेली.

"पयीतून कसं पडू राह्यलं?"
न वळता सासूबाईंनी विचारलं.
घट्ट, म्हटलं.
"मंग उतार. नाई तं बुडाले लागीन."

ते भिंतीला टेकून, उभ्यानंच जेवले.
मी दुसरीकडे बघायचं म्हणून
जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजले.
कोळसा. अठ्ठावन्न.
गाडी गेली तरी ते बोलेनात.
वाटी पुसल्यासारखी झाली तेव्हा म्हणाले,
"तिचं असं नव्हतं."
आणि वाटी पुढे केली.
"अजून आहे?"

दुसऱ्या वाटीला आवाज खाली आणून,
तीस वर्षांची चोरी कबूल करावी तसं,
"थोडा ठेचा घाल ना, हेमलता.
मॉडला तिखट सोसायचं नाही.
मी कधी बोललो नाही तिच्यापाशी."

मी वळले, बरणी आणायला.
बरणी उंबऱ्यावर होती,
झाकण काढून, वर चमचा ठेवून.
सासूबाई शेंगा सोलत होत्या.
"चमचा तठीच राहू दे," म्हणाल्या.