वजनकाटा

पेड्याच्या इस्पितळात, ओपीडीच्या दाराशी
भागीरथी हरमलकर काट्यावर चढते,
चपला काढून, पिशवी न सोडता.
"पिशवी खाली ठेव, आजी."
ठेवते. आकडा उतरतो. अडतीस.

तीन महिन्यांत किती घटलं?
हसते. दात रुमालात आहेत.
पन्नास वर्षं म्हापशाच्या बाजारात
नुसतं हातात धरून तिनं
इसवणाचं वजन सांगितलं,
पावशेराचीही चूक नाही.
स्वतःला कधी उचलून पाहिलं नव्हतं.

मी पोटरीला टेप गुंडाळते.
सत्तावीस. एकतिसाखाली तांबडी खूण.

जेवतेस ना?
"जेवतां मगो. पेज. तोराची फोड."
आणि नुस्तं?
"एकटीसाठी हुमण कोण वाटणार, बाय?
नारळ फोडला की अर्धा कुजतो."

फॉर्मवर नारळाला रकाना नाही.
मी 'भूक मंद' लिहिते. खोडते.
आत डॉक्टर गोळी वाढवून देतात,
जेवणानंतर घ्यायची.

परतताना ती थांबते,
कोपरापर्यंत चढलेल्या बांगड्या खाली घसरतात,
माझं मनगट तळव्यावर घेऊन
डोळे बारीक करते, जरा तोलते:

"तुका कोण रांदून घालता गो?"

मागे रांगेत कुणीतरी खोकतं.
पुढचा नंबर एकेचाळीस.