न चुकता चुकून

दुकान बंद होऊन अकरा वर्षं झाली,
लाकडी मणीचौकट तर त्याच्याही कितीतरी आधी गेली,
तरी वाइकेच्या उजव्या हाताची दोन बोटं
टेबलाच्या कडेवर अजून मणी सरकवतात,
डोक्याच्या आधी.

कुरेसारे. बेटावरचं गाव. नोव्हेंबर.
साडेतीनलाच दिवा लावावा लागतो,
समुद्राचा वास न विचारता स्वयंपाकघरात शिरतो.
नातीनं टाकून दिलेला, कोपऱ्यात तडकलेला टॅबलेट
साखरेच्या डब्याला टेकवून ती चष्मा पुसते.
तीन. दोन. एक.

सत्तेचाळीस अधिक अडतीस.
ब्याण्णव वजा सत्तावीस.
सहा गुणिले चौदा.
प्रश्न येतो, हिरवा होतो, जातो.
मध्ये श्वासाला जागा नाही.
हातचा मनात ठेवायचा, मन हातात.

मी वरच्या खोलीतला भाडेकरू,
जगाच्या यादीत एक हजार दोनशे सहावा.
माझा एकोणपन्नास जन्मतःच
पन्नासकडे तोंड करून उभा,
एक उणा असल्याची खंत घेऊन.
तिच्या भाषेत तो नुसता चार दहा, वर नऊ.
पन्नासशी त्याचं देणंघेणं नाही.
कदाचित म्हणूनच ती इतकी पुढे.
(हे मी स्वतःला सांगतो. ती म्हणते, तू बोटं वापरत नाहीस.)

ती एकोणिसावी.
म्हाताऱ्यांत नव्हे, सगळ्यांत.
तिच्या डोक्यावर अठरावा बसलाय
तुगुलदूर, वय अकरा, एर्देनेत, मंगोलिया.
त्याची एकोणसाठ उत्तरं, तिची अठ्ठावन्न,
गेले तेवीस दिवस.
इथं दुपारचे चार, तिथं रात्रीचे दहा.
"ह्याला कुणी झोप म्हणत नाही का?"
ती पडद्याला विचारते आणि पुन्हा खेळते.

प्रत्येक उत्तराखाली वेळ दिसते.
ती खेळ संपल्यावर त्या वेळा वाचते,
जसा आयुष्यभर वाचला
गल्ल्यापुढं पाकीट उघडणारा हात.
आठाच्या पाढ्यात पोरगं अडखळतं,
जिन्यातली एक पायरी उंच असावी तसं.
आठ साते. इथं. दर वेळी.

अडखळणं तिला ठाऊक आहे.
एकोणऐंशी साली लेइडा नावाची बाई
पावाचे पैसे मोजता मोजता थांबायची,
मागे तीन पोरं, एकाच्याच पायात मोजे.
वाइकेनं तिला चाळीस कोपेक जास्त परत दिले,
चुकून.
मग दर शनिवारी, न चुकता चुकून.
महिनाअखेरीस गल्ला उणा आला की
साहेब म्हणायचा, तुझं गणित कच्चं आहे,
आणि पगारातून कापायचा.
ती मान खाली घालून कच्चीच राहिली, सहा वर्षं.

मला वाटलं होतं, पोराला ती जिंकू देईल.
मंगळवारी तिनं साठ केली.
सेकंदाला एक.
शेवटचा प्रश्न छप्पन्न भागिले आठ होता,
तिनं तो चिलट मारावं तसा मारला.
कॉफी ओतली. दुसरा कपही नाही विचारला मला.
म्हणाली, सूट गल्ल्यावर द्यायची असते.
इथं दिली तर त्याचा अपमान.

बुधवारी सकाळी सात, अजून काळोख.
तिथं शाळेची मधली सुट्टी असावी.
यादी हलली.
तुगुलदूर, एकसष्ट.
कुणी एक झेलिन्या, ब्राझीलची, तीही एकसष्ट.
वाइके विसावी.
मी म्हटलं, आमच्या भाषेत विसावी म्हणजे
आता थोडं विसावण्यासारखं काही.
तिनं ऐकलंच नाही.
नाकाला पडदा लावून ती वेळा वाचत होती,
आठ साते, आठ नवे, आठ सहा,
कुठंच पायरी उंच नाही.

"घोकलाय रात्रभर," ती म्हणाली,
आणि टेबलावर अशी थाप मारली
की साखरेचा डबा कलंडला.
दाणे ओट्यावर पसरले.
तिनं ते गोळा करायला घेतले नाहीत.
दोन बोटांनी सरकवत राहिली,
डावीकडून उजवीकडे,
ओठ हलत होते.
नऊ एके नऊ पासून सुरुवात.